भाचीच्या अहवालातला एक शब्द : 'सॉलिसिटस'ला मराठीत काय म्हणाल?

संगमावरची

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळ हरिपूरला राहते. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. एका इंग्रजी शब्दापाशी अडले आहे. नुसता शब्दच असता तर कोश बघून सोडून दिला असता, पण यात घरचं माणूस गुंतलंय.

माझी भाची मिरजेत नर्सिंग शिकली. दीड वर्षापूर्वी इंग्लंडला गेली, तिथे वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करते. परवा तिचा वार्षिक अहवाल आला. वरिष्ठ बाईंनी लिहिलंय : 'शी इज ऑलवेज सॉलिसिटस ऑफ द रेसिडेंट्स, ॲट टाइम्स ओव्हर-सॉलिसिटस.' म्हणजे तिथे राहणाऱ्यांबद्दल ती नेहमी 'सॉलिसिटस' असते, कधी कधी जरा जास्तच. पोरीने रात्री साडेअकराला मला फोन केला. तिच्या डोक्यात आधी 'सॉलिसिटर', म्हणजे वकील, आला, मग 'सॉलिसिट' म्हणजे काहीतरी मागणं, गळ घालणं. म्हाताऱ्या माणसांकडून आपण काही उकळतो असा आरोप आहे की काय, असं वाटून ती रडकुंडीला आली होती.

मी कोश उघडला. चिंतातुर, उत्सुक, काळजी घेणारा, अगत्यशील. चार शब्द आणि चौघांची तोंडं चार दिशांना. 'रुग्णांविषयी नेहमी चिंतातुर' म्हटलं तर भाचीच आजारी वाटते. 'उत्सुक' तर इथे बसतच नाही.

आणखी एक. तिची आई, म्हणजे माझी भावजय, पलूसजवळच्या खेड्यात असते. तिला इंग्रजी येत नाही. "वन्सं, मॅडमनी माझ्या लेकीबद्दल काय लिवलंय ते मराठीत लिहून द्या, मला ठेवायचंय," असा तिचा निरोप आहे. म्हणजे मला एक असं वाक्य हवंय जे खरं असेल आणि तिला कळेल.

---

जुना_विलिंग्डन

बाई, आधी भाचीला फोन करून सांगा, हा आरोप नाही. वाक्याचा पहिला भाग चक्क शाबासकी आहे. दुसरा भाग सूचना आहे, तीही मऊ शब्दांत दिलेली.

उच्चार 'सलिसिटस' असा, जोर 'लि'वर. आपण 'सॉ'वर जोर देतो म्हणूनच सॉलिसिटर आठवतो. नातं मात्र खरंच आहे. दोन्ही शब्द एकाच लॅटिन घरातले. मूळ शब्द 'सोल्लिसितुस'. 'सोल्लुस' म्हणजे अख्खा, 'सितुस' म्हणजे हललेला. अख्खाच्या अख्खा हललेला माणूस. आपल्याकडे 'जीव खालीवर होणे' म्हणतात ना, जवळपास तेच. 'एक्साइट' (उत्तेजित करणे) आणि 'इन्साइट' (चिथावणे) या क्रियापदांतही हाच हलवण्याचा धातू आहे.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तेव्हा त्यात घालमेल जास्त होती. पुढे अर्थाचा भार घालमेलीवरून सरकला आणि त्या घालमेलीपोटी माणूस जे करतो त्यावर आला : वारंवार विचारणं, लक्ष ठेवणं, हवं-नको बघणं. म्हणून कोशात 'चिंतातुर' आणि 'काळजी घेणारा' हे दोन्ही अर्थ शेजारी बसलेत.

वापराचं थोडक्यात : 'ऑफ', 'अबाउट', 'फॉर' ही तिन्ही शब्दयोगी अव्ययं त्याला चालतात. 'सॉलिसिटस टू प्लीज' असं क्रियापद पुढे आलं की अर्थ 'खूश करायला उत्सुक' असा होतो. कोशातला तुमचा 'उत्सुक' तिथला आहे, तुमच्या वाक्यातला नाही. आणि हा लिहिण्यातला शब्द आहे. चहा पिताना कुणी कुणाला 'यू आर सो सॉलिसिटस' म्हणत नाही. वरिष्ठांनी तो अहवालात वापरला म्हणजे विचार करून वापरला असणार.

---

दंडोबा

वकील आहे म्हणून 'सॉलिसिट'पुरतं लिहितो, कारण भाचीची भीती अगदीच निराधार नव्हती.

लॅटिन क्रियापदाचा अर्थ हलवणे, अस्वस्थ करणे. त्यातून 'मागे लागणे, विनवणे' हा अर्थ निघाला. दुसऱ्याच्या कामाच्या मागे लागून ते तडीस नेणारा तो सॉलिसिटर. आम्हा वकिलांना मात्र काम 'सॉलिसिट' करायला बंदी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही की अशील मिळवायला कुणाच्या मागे लागता येत नाही. शिवाय कायद्याच्या भाषेत या क्रियापदाला एक वाईट वासही आहे, रस्त्यावर गिऱ्हाईक गाठण्याचा.

पण विशेषणाला तो वास बिलकुल नाही. भाचीला निर्धास्त राहायला सांगा.

---

माणदेशी

बाई, मी आटपाडीकडचा. कोशातलं मला जास्त कळत नाही, पण तुमच्या भावजयीला काय कळंल ते कळतं. सरळ लिवा, 'तुमची पोरगी म्हाताऱ्या माणसांना जीव लावती.' आमच्याकडं याच्या पुढचा शब्द न्हाई. 'आस्थेवाईक' बिस्थेवाईक लिवलं तर ती माउली पुन्हा कुणाला तरी त्याचा अर्थ इचारत बसंल.

---

जुना_विलिंग्डन

माणदेशी, शब्द सुंदर आहे, पण अर्थ पुढे जातो. जीव लावण्यात माया आली. सॉलिसिटस असायला माया लागतेच असं नाही. चांगल्या हॉटेलातला वेटर सॉलिसिटस असू शकतो, दुकानदार असू शकतो. मनात काहीही असो, दिसण्यात ती काळजी दिसली पाहिजे. हा शब्द वागण्याबद्दल आहे.

त्याचे शेजारी बघा म्हणजे जागा कळेल. 'अटेंटिव्ह' माणसाचं लक्ष पूर्ण असतं, पण त्यात धाकधूक नसते. पुढच्या बाकावरचा विद्यार्थी अटेंटिव्ह. 'कन्सिडरेट' माणूस दुसऱ्याचा विचार करतो आणि बऱ्याचदा काहीच करत नाही. शेजारी आजारी आहे म्हणून टीव्हीचा आवाज कमी करतो आणि गप्प बसतो, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. 'कन्सर्न्ड' माणसाला चिंता असते, पण तो उठून येईलच असं नाही. सॉलिसिटस माणूस उठून येतो, दार वाजवतो, 'आता कसं वाटतंय, पेज आणू का, खिडकी लावू का' विचारतो. तासाभराने पुन्हा येतो.

---

माणदेशी

तासाभरानं पुन्हा येतो त्यालाच आम्ही जीव लावणं म्हणतो दादा. वेटरचं म्हणाल तर तो 'पुढं पुढं करतो'. त्याला आमच्याकडं वेगळा शब्द हाय.

---

संगमावरची

'पुढे पुढे करणे' इथे आलं हे फार बरं झालं. माझ्या मनात जे गोल गोल फिरत होतं त्याचं एक टोक सापडलं. रात्री जरा बसून विचार केला, तो मांडते.

आपल्या 'काळजी' शब्दात हे दोन्ही अर्थ आहेत, पण आपण ते क्रियापदाने वेगळे ठेवतो. काळजी *करणे* आणि काळजी *घेणे*. करणारा मनात करतो, घेणारा हाताने घेतो. 'काळजी करू नका' आणि 'काळजी घ्या' ही दोन वाक्यं आपण एका दमात बोलतो आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. मुलांना हे कधी शिकवावं लागलं नाही, तेव्हा माझंही लक्ष गेलं नाही. इंग्रजी शब्द या दोघांच्या मध्ये उभा आहे. जो करतो म्हणून घेतो, तो सॉलिसिटस. मराठीत त्यासाठी एकच विशेषण शोधत होते, म्हणून सापडत नव्हतं. आपल्याकडे ते काम क्रियापदं करतात.

'काळजीवाहू' मला सुचला होता, पण तो शब्द राजकारणाने नेला. आता काळजीवाहू म्हटलं की निवडणुकीनंतरचा मुख्यमंत्रीच डोळ्यांसमोर येतो.

'अगत्यशील' बऱ्यापैकी जवळ आहे. अगत्य म्हणजे मुळात ज्याला दुसरी गती नाही ते, अटळ, गरजेचं. जुन्या लग्नपत्रिकांत 'अगत्य येण्याचे करावे' असायचं. तुम्ही आल्याशिवाय आमचं चालायचं नाही, असा तो आग्रह. त्यातून 'अगत्याने वाढलं', 'अगत्याने विचारलं' आलं. पण हे यजमानाचं पाहुण्याशी वागणं झालं. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला अगत्यशील म्हणवत नाही.

राहिला 'आस्थेवाईक'. हा खरं तर अगदी बरोबर बसतो. गंमत बघा, मराठीत तो बहुतेक एकाच अर्थाच्या शब्दांबरोबर नांदतो : आस्थेवाईक चौकशी, आस्थेवाईकपणे विचारपूस. इंग्रजीतही 'सॉलिसिटस इन्क्वायरीज' अशी जोडी आहेच. म्हणजे दोन्ही भाषांना ही काळजी विचारण्यातून ओळखू येते. मात्र हल्ली हिंदीमुळे 'आस्था' म्हणजे श्रद्धा असा अर्थ पोरांच्या कानात बसतोय. मला त्याचं वाईट वाटतं, कारण मराठीतली आस्था माणसांबद्दलची आहे आणि ती आपण गमावू नये.

---

वानलेसवाडी

बाई, तुमच्या 'करणे' आणि 'घेणे'ला जोड देतो.

आमच्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात 'चिंताक्रांत होऊ नका' असं सांगितलंय. त्या जागी लॅटिनमध्ये हाच शब्द आहे, 'सोल्लिसिति'. कॅथलिकांच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथे 'सॉलिसिटस' ठेवलाय. आणि १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात काय असेल? 'केअरफुल'. 'बी केअरफुल फॉर नथिंग.' आजच्या इंग्रजीत वाचलं तर 'कशाचीही काळजी घेऊ नका' असं उलटंच वाटतं. तेव्हा 'केअरफुल' म्हणजे काळजीने भरलेला, काळजी करणारा. 'केअर' हा शब्द जुन्या इंग्रजीत दुःखाचा, चिंतेचा होता. म्हणजे तिकडेही शब्द 'करणे'कडून 'घेणे'कडे चालत आला. एकटा सॉलिसिटस नाही, अख्खं घराणंच चालत आलं.

लूकच्या शुभवर्तमानातली मार्थाही आठवते. येशू घरी आलेला, बहीण मरिया पायाशी बसून ऐकतेय आणि मार्था पाहुण्यांच्या सरबराईत घामाघूम. बहीण हात लावत नाही म्हणून ती तक्रार करते, तेव्हा येशू तिला सांगतो की तू पुष्कळ गोष्टींची काळजी करत बसली आहेस. लॅटिनमध्ये तिथेही 'सोल्लिसिता'. लहानपणापासून मला मार्थाबद्दल वाईट वाटत आलंय, कारण माझी आई अगदी तशी होती. मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना सुरू केला, त्या मिशनच्या आधाराने आमची घरं इथे वाढली. घरात कुणी ना कुणी आजाऱ्यांची सेवा करणारं असायचंच. पाहुणा आला की आई बसायचीच नाही. चार वेळा वाढायची आणि पाहुणा अवघडून जायचा. ओव्हर-सॉलिसिटस म्हणजे ती. तिचं प्रेम त्यात कमी नव्हतं.

---

जुना_विलिंग्डन

वा. एक छोटी भर. फ्रेंचमध्ये हेच लॅटिन क्रियापद झिजून 'सूसी' झालं, म्हणजे चिंता. त्याच्या नकारातून इंग्रजीत 'इन्सूसिअंट' आला, म्हणजे बेफिकीर. तेव्हा सॉलिसिटस आणि इन्सूसिअंट हे विरुद्धार्थी शब्द एकाच आजीची नातवंडं आहेत.

आणि बेफिकीरमधली 'फिकीर' अरबी. 'फिक्र' म्हणजे विचार. आपली 'चिंता'ही 'चिंत्' म्हणजे विचार करणे यातली. अरबी आणि संस्कृत दोघींनी काळजी डोक्यात ठेवली. लॅटिनने ती अंगात ठेवली, माणूस हलतो म्हणून.

---

मिरज_जंक्शन

आज ड्युटी संपवून धागा वाचला. मी नर्स आहे. सात वर्षं इंग्लंडमध्ये अशाच कामात होते, आता मिरजेत. 'ओव्हर' का लागला हे मला चांगलं माहीत आहे, कारण मलाही हेच सांगितलं गेलं होतं, दुसऱ्या शब्दांत.

आपल्याकडे पेशंटजवळ घरचं माणूस असतंच. डबा येतो, आत्या येते, मावशी येते. उठायच्या आधी हाताला धरणारं कुणीतरी असतं. घोट घोट पाणी पाजतात, पांघरूण सारखं करतात, घास भरवतात. यालाच आपण सेवा म्हणतो आणि मी त्यात काही वाईट म्हणणार नाही. भाची हेच बघत मोठी झाली असणार.

तिथे माझ्याकडे एक आजोबा होते. शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं घ्यायचे, बोटं थरथरायची. मला बघवायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी पटकन पुढे होऊन लावून टाकायची. ते काही बोलायचे नाहीत, तोंड खिडकीकडे करायचे. वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं : बटणं तू लावलीस की ती बोटं उद्या आणखी कमी चालणार. जे अवयव वापरले जात नाहीत ते लवकर थकतात, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट, तो शर्ट त्यांचा आहे. इंग्लंडच्या २०१४ च्या केअर ॲक्टमध्येसुद्धा हे आलंय. माणसाचं कल्याण कशात, हे सांगताना रोजच्या जगण्यावर त्याचा स्वतःचा ताबा असणं हीही एक गोष्ट तिथे लिहिली आहे. कोणते कपडे, चहा कधी, अंघोळ सकाळी की संध्याकाळी, हे त्याने ठरवायचं.

म्हणून हात पुढे करायच्या आधी विचारायचं. आणि विचारून झाल्यावर *थांबायचं*. हे थांबणं शिकायला मला वर्ष लागलं. बाई, आपल्या मुली कामात कमी पडत नाहीत, थांबण्यात कमी पडतात. भाचीला सांगा, पहिलं वाक्य जपून ठेव. ते सगळ्यांना मिळत नाही. तिथे थकलेले, घाईतले, घड्याळाकडे बघून काम करणारे हात मी पुष्कळ पाहिले. जिचं मन हलतं तिला थांबायला शिकवता येतं. जिचं हलतच नाही तिला काय शिकवणार?

---

संगमावरची

मिरज जंक्शन, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. तुमच्या आजोबांनी खिडकीकडे तोंड केलं ते वाचून मला २०१९ चा पूर आठवला.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. आमचं घर तर संगमाजवळचं. आम्ही विश्रामबागेत एका नातेवाइकांकडे गेलो. फोन दिवसभर वाजायचा. कराडहून मामेभाऊ तासातासाला सांगायचा, कोयनेतून किती सोडलंय, संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे काय होईल. तो आकडे सांगायचा, पण त्याचा आवाज कापायचा. फोन ठेवताना दर वेळी एकच, "ताई, जेवलीस का?" लॅटिनमधला तो अख्खा हललेला माणूस म्हणजे हा माझा मामेभाऊ.

दुसरेही बरेच भेटले. पाणी उतरल्यावर आम्ही घरी परतलो, चिखल काढत होतो. लोक दारात येऊन चौकशी करायचे. त्यांचा हेतू चांगलाच होता, मी कुणालाच नावं ठेवत नाही. पण "बाई, तुम्ही बसा, आम्ही करतो," म्हणत चार जण घरात शिरले आणि माझ्या तीस वर्षांच्या वह्यांचा गठ्ठा ओला म्हणून उचलून ट्रॉलीत टाकला. मला विचारलंही नाही. ते माझी काळजी घेत होते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

गल्लीतली एक बाई मात्र दारात येऊन म्हणाली, "काय ठेवायचं, काय टाकायचं ते तुम्ही सांगा, मी उचलू लागते." तिला कोशातला कुठलाही शब्द ठाऊक नसेल. पण त्या पूर्ण महिन्यात मला सगळ्यांत जास्त आधार तिचा वाटला.

तेव्हा माणदेशी, तुमचं आणि विलिंग्डनचं भांडण माझ्यापुरतं असं मिटलं : भाचीच्या बाबतीत 'जीव लावती' खोटं नाही, पण अहवालातल्या बाईंना तिचा जीव दिसला नाही, तिचं वागणं दिसलं. त्यांनी तेवढंच लिहिलं. मीही तेवढंच लिहीन.

---

माणदेशी

मान्य बाई. पण वाक्य सोपं ठेवा.

---

दंडोबा

'ओव्हर'चं काय करणार? आईला तो भाग सांगणार का? मी असतो तर गाळला असता.

---

संगमावरची

नाही गाळला. भावजयीला फसवून दिलेला कागद तिने ट्रंकेत ठेवावा, हे मला जमलं नसतं.

काल पलूसला जाऊन आले. कागदावर असं लिहून नेलं होतं : 'ही मुलगी इथल्या म्हाताऱ्या माणसांची नेहमी मनापासून विचारपूस करते, त्यांना काय हवं-नको ते बघते. कधी कधी गरजेपेक्षा जास्त करते.' विशेषण एकही वापरलं नाही.

तिने ऐकून घेतलं. पहिलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "जास्ती केलं तर काय बिघडलं वन्सं? म्हाताऱ्या माणसाचं जास्तीच करावं लागतंय." मी काही अर्थ समजावत बसले नाही. मिरज जंक्शन यांच्या आजोबांची, त्या बटणांची गोष्ट सांगितली.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आत्याबाई शेवटपतुर नऊवारी सोताच नेसायच्या. अर्धा तास लागायचा. मी नुस्ती पदर धरून हुबी राहायची." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई. हे मला आजवर माहीत नव्हतं. मी सांगलीत, आई तिच्याजवळ.

कागद तिने घडी घालून ठेवला आणि लगेच लेकीला फोन लावून ही नऊवारीची गोष्ट सांगितली.